स्पॅनिशमधली मतपत्रिका आणि आपलं इंग्रजी

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला, तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत एक वाद पुन्हा पुन्हा उफाळून येतो. विषय असतो लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेल्या आणि बहुतेक स्पॅनिश भाषक घरांतल्या मतदारांचा. एक बाजू म्हणते, "आम्ही इथे आलो, इंग्रजीत काम केलं, ग्रीन कार्डासाठी दहा-पंधरा वर्षं रांगेत काढली आणि मग नागरिक झालो. आमच्यासाठी कुणी मराठीत मतपत्रिका छापली का? मग त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये कशाला?" दुसरी बाजू म्हणते, "अहो, गरीब आहेत ते, शेतात-कारखान्यात राबतात, त्यांना थोडी मदत केली तर काय बिघडलं?" मला दोन्ही बाजूंची मांडणी चुकीची वाटते, आणि चूक एकच आहे. दोघांनीही मताला मेहरबानी मानलंय. एकाला ती करायची नाही, दुसऱ्याला करायची आहे, इतकाच फरक. माझं म्हणणं असं की मतदानाची व्यवस्था सरकार उभारतं. भाषा कोणती, केंद्र कुठे, कागद कोणते, यादी कशी, हे सगळं सरकार ठरवतं. त्या व्यवस्थेमुळे एखादा नागरिक बाहेर राहत असेल तर ती दुरुस्त करणं हे सरकारचं देणं आहे. लॅटिनो समाजाच्या बाबतीत हे देणं फार जुनं आहे, आणि त्याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात 'आले' या शब्दापासूनच करावी लागते.

कारण सगळेच 'आले' नाहीत. १८४८ साली ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बराच भाग त्यात होता. तिथे राहणाऱ्यांना नागरिकत्वाचं वचन मिळालं. ते जिथे होते तिथेच राहिले, सीमा त्यांच्यावरून पुढे सरकली. बेळगाव-निपाणीची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाव तेच, घर तेच, पण १९५६ नंतर कचेरीतल्या कागदाची भाषा बदलली, आणि तो कागद मराठीतही मिळावा ही मागणी आपण आजवर न्याय्यच मानली आहे. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेत कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असं लिहिलं होतं. १८७९ च्या घटनेत ते गेलं. १८९४ मध्ये तर इंग्रजी वाचता येणं ही मतदानाची अटच झाली, आणि स्पॅनिश वाचणाऱ्यांच्या बाबतीत ती अट बेकायदा ठरायला १९७० साल उजाडलं. उलट न्यू मेक्सिकोने १९१२ मध्ये राज्य होताना घटनेतच लिहून ठेवलं की इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलता, लिहिता, वाचता येत नाही म्हणून कुणाचाही मताधिकार हिरावता येणार नाही. म्हणजे स्पॅनिशमध्ये मतदान ही अलीकडच्या मतांच्या राजकारणातून निघालेली कल्पना नाही.

पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तिथली शाळा स्पॅनिशमधून शिकवते, आणि तो प्रदेश अमेरिकेचाच आहे. तरीही तिथून न्यूयॉर्कला आलेल्या नागरिकाला १९६० च्या दशकात इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण नाही म्हणून मतदानापासून परत पाठवत असत. १९६५ च्या मताधिकार कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम घालावं लागलं, आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ज्या देशाने आपल्याच शाळेत स्पॅनिश शिकवलं, त्याच देशाने त्या शिक्षणाला मतदान केंद्राच्या दारात अडाणीपणा ठरवावं?

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा घेतो. जे पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत त्यांचं ठीक, पण जे अर्ज करून नागरिक झाले त्यांना इंग्रजी येणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मग मतपत्रिकेला दुसरी भाषा कशाला? हा मुद्दा वजनदार आहे, मी तो झटकून टाकत नाही. समान भाषा नसेल तर सार्वजनिक चर्चा तुकड्यांत विभागते, हेही मला मान्य आहे. पण नागरिकत्वाच्या मुलाखतीत एक वाक्य वाचणं आणि एक वाक्य लिहिणं पुरतं. मतपत्रिका ही निराळीच चीज आहे. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) एकाच मतपत्रिकेवर नुसत्या न्यायाधीशांच्याच डझनावारी जागा असतात. राज्यघटनेतल्या दुरुस्तीचा प्रश्न वकिली इंग्रजीत विचारलेला असतो, आणि 'हो' म्हटलं तर नेमकं काय होणार हे कळायला इंग्रजीत आयुष्य काढलेल्या मलाही तो दोनदा वाचावा लागतो. शिवाय कायद्यातच सूट आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं कायम रहिवासी असलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षं राहिलेल्या माणसाला नागरिकत्वाची परीक्षा स्वतःच्या भाषेत देता येते. देशाने ज्याला इंग्रजीशिवाय नागरिक करून घेतलं, त्याच्यापुढे मतदानाच्या दिवशी इंग्रजीची अट आडून घालायची का?

आणि "आमच्यासाठी कुणी मराठीत छापली का?" याचं उत्तर कायद्यातच आहे. मताधिकार कायद्यात १९७५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २०३ स्पॅनिश भाषकांबरोबर आशियाई, मूळ अमेरिकन आणि अलास्काच्या मूळनिवासी भाषकांनाही लागू आहे. एखाद्या ठिकाणी त्या भाषेचे, इंग्रजी पुरेसं न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० पेक्षा जास्त किंवा एकूण मतदार-नागरिकांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक असेल, तर तिथे त्या भाषेत साहित्य द्यावं लागतं. याच कलमाखाली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका आली. मराठी नाही, कारण आपली संख्या कमी आणि आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी येतं. ते कुठून आलं? पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतून. अमेरिकेच्या व्हिसानेच आपल्यातले इंग्रजी शिकलेले निवडून घेतले. त्याच देशाने शेतात भाजी खुडायला, मांसाच्या कारखान्यात पाती चालवायला जी माणसं घेतली, त्यांची निवड इंग्रजीवर झालीच नव्हती. आपल्याला मिळालेली संधी आपण आपला गुण म्हणून मोजतो आणि दुसऱ्याला न मिळालेली संधी त्याचा दोष म्हणून, हे मला पटत नाही.

दुसरा गंभीर आक्षेप यादीच्या शुद्धतेचा. जो नागरिक नाही त्याने मत देऊ नये, यावर माझं दुमत नाही. शपथ घेऊन नागरिक झालेल्या माणसाला तर ही रेषा फार जवळची वाटते. प्रश्न एवढाच की ती रेषा राखताना किती नागरिकांना बाहेर ढकलायचं. कॅन्ससने मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा सक्तीचा केला. २०१८ मध्ये न्यायालयात हिशेब मांडला गेला. त्या अटीमुळे ३१,००० हून अधिक लोकांची नोंदणी अडली होती, आणि जवळजवळ वीस वर्षांत यादीत शिरलेले बिगरनागरिक न्यायालयाला सापडले जास्तीत जास्त ३९. कायदा रद्द झाला. टेक्सासने जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ९५,००० नोंदणीकृत मतदारांवर 'कदाचित नागरिक नसावेत' असा शिक्का मारला. आधार काय, तर वाहन परवाना काढताना त्यांनी ग्रीन कार्ड किंवा व्हिसा दाखवला होता. परवाना वर्षानुवर्षं चालतो, मधल्या काळात माणूस नागरिक होतो, मतदार होतो, आणि परवान्याच्या नोंदीत मात्र तो परकाच राहतो. काही दिवसांतच हजारो नावं चुकीने आल्याचं उघड झालं, एप्रिलमध्ये राज्याने ती मोहीम मागे घेतली. या यादीबद्दल आमच्या बैठकीत कुणी बोलत नाही. पण परवाना आधी व्हिसावर, मग ग्रीन कार्डावर, मग नागरिकत्व, हा आपल्या प्रत्येकाचा प्रवास आहे. ती जाळी लॅटिनोंसाठी विणलेली असेलही, अडकणारे मासे सगळ्याच प्रकारचे असतात.

नावांचंही तसंच. स्पॅनिश परंपरेत दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकन अर्जात एकच रकाना. एका कार्यालयात दुसरं आडनाव शेवटचं ठरतं, दुसऱ्यात पहिलं आडनाव मधल्या नावात जातं, तिसऱ्यात मध्ये आडवी रेघ येते, आणि संगणक म्हणतो ही तीन माणसं आहेत. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात बसवता बसवता थकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आणि ही समस्या सुटण्याजोगी आहे, हे भारताच्या पहिल्या निवडणुकीने दाखवलं. १९५१-५२ मध्ये सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. त्या एका बाबतीत आपली व्यवस्था उणी पडली, पुढच्या निवडणुकीपर्यंत समजावण्याची मोहीम राबवून ती बरीच सुधारली. पण त्याच निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांना वाचायला शिकून या असं सांगितलं नाही. चिन्हं दिली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली. डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला तेव्हाही शिक्षणाची अट त्यांनी मान्य केली नव्हती. ज्यांना शाळेबाहेर ठेवलं त्यांनाच शाळा शिकला नाहीत म्हणून मताबाहेर ठेवायचं, यातला अन्याय आपल्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

अंतराचा अडथळा भाषेपेक्षा साधा आणि म्हणून जास्त संतापजनक आहे. कॅन्ससमधलं डॉज सिटी हे मांस-प्रक्रिया कारखान्यांचं गाव, निम्म्याहून अधिक वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनोच. सुमारे १३,००० मतदारांना मिळून एकच मतदान केंद्र होतं. २०१८ च्या निवडणुकीआधी बांधकामाचं कारण देऊन तेही गावाच्या हद्दीबाहेर हलवलं, सर्वांत जवळच्या बस थांब्यापासून मैलभराहून दूर. कारखान्यात पाळी करणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाने काय करायचं? देशभर ओरड झाल्यावर पुढे गावात दोन केंद्रं देण्याचं ठरलं, म्हणजे ते शक्य होतंच. ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत २०१२ च्या प्राथमिक निवडणुकीला सुमारे २०० केंद्रं होती, २०१६ मध्ये ६० उरली, आणि लोक पाच-पाच तास रांगेत उभे राहिले. पूर्वी असा बदल करण्याआधी ॲरिझोनाला केंद्र सरकारची मंजुरी लागायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने ती अट निष्प्रभ केली होती. गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र उघडणाऱ्या देशातून आलेल्या आपण या रांगांकडे पाहून 'यायचं असेल तर येतील' असं म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

आता मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप. अडथळे काढले तरी लॅटिनो मतदान फारसं वाढत नाही, असं काही अभ्यासक सांगतात, आणि त्यांच्याकडे आकडे आहेत. २०२० मध्ये बिगर-हिस्पॅनिक गोऱ्या नागरिकांपैकी जवळजवळ ७१ टक्क्यांनी मतदान केलं, हिस्पॅनिक नागरिकांपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी. ही सगळी दरी कायद्यांनी पडलेली नाही. हा मतदार तरुण आहे, आणि तरुण सगळीकडेच कमी मतदान करतात. कॅलिफोर्निया-टेक्सासमध्ये अध्यक्षपदाचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. ओळखपत्राच्या कडक कायद्यांचा २००८ ते २०१८ या काळातला एक मोठा अभ्यास आहे, त्यात एकूण मतदानावर लक्षात यावा असा परिणाम दिसला नाही. मी हे मान्य करतो, आणि आपल्या बाजूच्या लोकांनी प्रत्येक कायद्याला प्रलय म्हणणं थांबवावं असंही म्हणतो. पण त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही सांगितली. त्या कायद्यांनी गैरप्रकार घटल्याचंही दिसलं नाही. मग ज्याने फायदा नाही, त्यासाठी एकाही खऱ्या नागरिकाला परत पाठवायचं कारण काय? टेक्सासच्या २०११ च्या कायद्याने बंदूक बाळगण्याचा परवाना ओळखपत्र म्हणून चालत होता आणि सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हतं. हक्काचं मोजमाप सरासरीने होत नसतं.

शिवाय उदासीनता आभाळातून पडत नाही. सॅन अँटोनियोची गोष्ट मला यासाठी फार मोलाची वाटते. त्या शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वस्ती. पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे व्हायचे, घरात पाणी शिरायचं. पाणी काढून देणारं एक काम १९४५ पासून कागदावर मंजूर होतं आणि कधी झालंच नव्हतं. नगरसेवक पूर्ण शहरातून निवडले जात. प्रभाग नव्हते, त्यामुळे पश्चिम भागाने एकमुखाने मत दिलं तरी उत्तरेकडच्या मतांत ते विरघळून जायचं. अशा ठिकाणी मत न देणाऱ्याला आळशी म्हणायचं की अनुभवी? १९७४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वस्तीवस्तीतल्या चर्चमंडळांमधून कॉप्स ही नागरिकांची संघटना उभी राहिली, तिने गटाराचा प्रश्न हातात घेतला आणि नगरपालिकेच्या सभेत शेकड्यांनी माणसं नेऊन बसवली. त्याच शहरात विली व्हेलास्केस यांनी साउथवेस्ट मतदारनोंदणी प्रकल्प सुरू केला. 'सु व्होतो एस सु व्होस', तुमचं मत म्हणजे तुमचा आवाज, हे त्यांचं घोषवाक्य. त्यांनी लोकांना आधी वॉशिंग्टनबद्दल विचारलं नाही, घराबाहेरच्या रस्त्याबद्दल विचारलं. मग १९७५ च्या दुरुस्तीने टेक्सास केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीच्या कक्षेत आलं. १९७६ मध्ये न्याय विभागाने सॅन अँटोनियोच्या हद्दवाढीला हरकत घेतली, कारण तिने मेक्सिकन मतांचं वजन कमी होत होतं. जानेवारी १९७७ मध्ये शहराने थोडक्या फरकाने प्रभागपद्धती स्वीकारली. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले, १८४० च्या दशकानंतरचे पहिले मेक्सिकन वंशाचे महापौर. यात कायदा एकटा पुरला असता का? नाही. संघटना एकटी पुरली असती? तीही नाही. जे म्हणतात अडथळे दुय्यम, लोकांनी जागं व्हायला हवं, त्यांना मी विचारतो की पश्चिम भाग जागा झाला तेव्हा प्रभागाविना त्या जागेपणाचं काय झालं असतं?

उरला पक्षाचा आरोप, की हे सगळं डेमोक्रॅटिक पक्षाची मतं वाढवायला चाललंय. २०२४ नंतर हा आरोप टिकत नाही. लॅटिनो मतदारांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांनी ट्रम्प यांना मत दिलं. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जवळजवळ पूर्ण हिस्पॅनिक, शंभराहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन पक्षाकडे गेली. मायामी-डेडही १९८८ नंतर पहिल्यांदा गेली. मला स्वतःला तो निकाल आवडला नाही. पण त्या मतदारांना स्पॅनिशमध्ये मतपत्रिका मिळाली याचं मला समाधानच आहे, आणि ज्या डेमोक्रॅटांचा या कामातला उत्साह त्यानंतर ओसरला असेल, त्यांचं प्रेम मतदारावर कधी नव्हतंच. दुसऱ्या बाजूचा इतिहास तर न्यू जर्सीतलाच आहे. १९८१ च्या गव्हर्नर निवडणुकीत रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या केंद्रांवर सुट्टीवरचे पोलीस दंडाला पट्ट्या बांधून उभे केले, इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. निकाल १,८०० पेक्षा कमी मतांनी लागला. पुढच्या वर्षी पक्षाला न्यायालयात समझोता करावा लागला, आणि त्याची बंधनं पस्तीस वर्षांच्या आसपास टिकली.

टेक्सासमधल्या एका खटल्याचा उल्लेख मी बैठकीत मुद्दाम करतो. २०१४ मध्ये विल्यमसन काउंटीत बंगाली बोलणाऱ्या एक भारतीय बाई मुलाला घेऊन मतदानाला गेल्या. इंग्रजी त्यांना पुरेसं येत नव्हतं, मुलगा समजावून सांगणार होता. अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं, कारण राज्याच्या नियमाप्रमाणे दुभाषा त्याच काउंटीचा मतदार हवा आणि तो शेजारच्या काउंटीचा होता. २०१७ मध्ये न्यायालयाने ती अट मताधिकार कायद्याशी विसंगत ठरवली. निकाल लागला तेव्हा त्या बाई हयात नव्हत्या.

माझ्या आईने नागरिकत्वाची परीक्षा मराठीतून दिली. वय आणि वास्तव्य दोन्ही अटींत बसत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने इथलं पहिलं मत दिलं. केंद्रावरच्या बाईंनी माझं नाव-पत्ता लिहून घेतला आणि मला तिच्याबरोबर आत जाऊ दिलं. अध्यक्षपदाचं नाव तिने मला विचारलं नाही, ते तिचं घरूनच ठरलं होतं. खाली काउंटीच्या जागा होत्या, त्यांचं काम काय असतं ते मी सांगितलं. सगळ्यात शेवटी शाळा समिती. मी पुढे सरकायला लागलो तशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे नीट वाच रे, नातीची शाळा आहे."